टाकीचं झाकण

मढ, ता. जुन्नर
२ डिसेंबर २००१

चि. सावळाराम यास धर्माजीचा आशीर्वाद.

अकरा वर्षांनी लिहितो आहे. तुझा पत्ता गेणभाऊने आणला. घोडेगावला गेला होता, तुझ्या गॅरेजात पंक्चर काढून घेतलं, तुला ओळखलं, पण आपण मढचे हे बोलला नाही म्हणे. हात तसाच चालतो तुझा, असं सांगत होता.

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ आपल्या आरतीचंही ठरलं. मुलगा आणे गावचा आहे, माणसं साधी आहेत. तारीख २० मे, सोमवार. तू गेलास तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहे.

नवरीला अंतरपाटापर्यंत मामाने आणायचं असतं. आरतीला मामा एकच. अंजनाला माहेर म्हणूनही तूच एक. आईवडील गेले, मागून गाव धरणात गेलं. ती मला काही बोलत नाही. पण पाहुण्यांची यादी करायला बसलो आणि मामाचं नाव आलं की चुलीवर काहीतरी उतू जात असल्यासारखी उठून आत जाते.

म्हणून मी लिहितो. लग्नाला ये. तुझी राजदूत मोटारसायकल पडवीत आहे तिथेच आहे.

धर्माजी


घोडेगाव
१४ डिसेंबर २००१

दाजी,

पत्र मिळालं. आरतीचं ठरलं, चांगलं झालं.

तुम्ही विसरला असाल, मी विसरलो नाही. धरणाचे पैसे आले तेव्हा मी ती जुनी गाडी घेतली. तुम्ही म्हणालात, “जमिनीच्या पैशाचं लोखंड घेतलंस.” ते मी ऐकून घेतलं. तीन वर्षं तुमच्या घरी जेवत होतो, ऐकणं भाग होतं. पण त्या दसऱ्याला मी पहाटे उठून गाडी धुतली आणि नांगर, कोयते, पाण्याचं इंजिन यांच्या रांगेत उभी केली. तुमचं पूजेचं ताट नांगरापासून निघालं. इंजिनाला कुंकू लागलं. मग गाडी सोडून तुम्ही पुढच्या फावड्याला लावलंत. फावड्याला, दाजी. त्याला दांडासुद्धा नव्हता.

दुपारच्या एसटीने मी निघालो ते हेच डोळ्यांपुढे घेऊन.

आता माझी अट ऐका. जी गाडी तुमच्या दारात कुंकवाच्या बोटाला महाग झाली, ती चालू होऊन माझ्या दारात येऊ दे. दुसऱ्या मेकॅनिकचा हात लागता कामा नये. ज्या हाताने तिला टाळलंत त्याच हाताने ती उभी करा, तुम्हीच चालवत आणा. मग मी तिच्यावर बसून मांडवात येतो. नाही जमलं तर मामा दुसरा शोधा.

सावळाराम


मढ
२० डिसेंबर २००१

चि. सावळाराम यास आशीर्वाद.

तू लिहिलंस ते खरं आहे. त्या वर्षी ताट पुढे गेलं. रागाने गेलं, चुकून नाही.

अट मान्य आहे.

मला सायकलच्या पलीकडे काही चालवता येत नाही. यंत्रातलं म्हणशील तर पाण्याच्या इंजिनाला हँडल मारतो, तेवढंच. वयाला अठ्ठेचाळीस पुरी होतील. पण मे महिना लांब आहे आणि भात झोडून झालं आहे, त्यामुळे हाताला वेळ आहे. दुसऱ्या मेकॅनिकला विचारायचं नाही असं तू म्हणतोस, म्हणजे विचारायला तूच उरलास. पहिल्यापासून काय करायचं ते लिही. गेणभाऊच्या दुकानात फोन आहे, पण तिथे बोललं की सगळं गाव ऐकतं. शिवाय यंत्राचं सांगणं कागदावर असलं म्हणजे मला पुन्हा वाचता येतं.

धर्माजी


घोडेगाव
२ जानेवारी २००२

दाजी,

अट रागात लिहिली होती. तुम्ही धराल असं वाटलं नव्हतं. आता धरलीत तर नीट ऐका.

किक मारू नका. अकरा वर्षं उभी गाडी आहे, आत पिस्टन धरलेला असणार. आधी प्लग काढा. त्या भोकातून दोन चमचे ऑईल आत सोडा आणि दोन दिवस तिच्याकडे बघू नका. मग स्टँडवर लावून, गिअरमध्ये टाकून, मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. हललं तर इंजिन जिवंत आहे. नाही हललं तर पुन्हा ऑईल सोडा आणि थांबा. जोर करू नका. तुम्हाला जोर करायची खोड आहे.

पाने लागतील ते दहा-अकरा, बारा-तेरा आणि चौदा-पंधरा. काढलेला प्रत्येक नट कुठला होता ते कळेल असा ठेवा. दोन्ही टायर आणि केबली बदलाव्या लागतील, त्या जुन्नरला मिळतील. टाकी उतरवून आतला गंज धुवून काढा.

सीट गेलेलंच असेल. तुमच्या कोंबड्या बसत असतील त्यावर.

सावळाराम


मढ
२० जानेवारी २००२

चि. सावळाराम यास आशीर्वाद.

चाक पहिल्या खेपेला हललं नाही. तू लिहिलं होतंस म्हणून जोर केला नाही. पाचव्या दिवशी सकाळी अंघोळ करून गेलो आणि हात लावला तर एक बोटभर सरकलं. संध्याकाळपर्यंत पूर्ण फिरलं. यंत्राच्या बाबतीत मला आजवर वाटायचं की जो जास्त ताकदीचा त्याचं ते ऐकतं. तसं नसतं असं दिसतं.

नट-बोल्ट ठेवायला मी अंजनाचा मसाल्याचा डबा घेतला. सात वाट्या असतात, सात जागांचे नट. तिला कळलं ते मोहरी शोधताना. बाहेर येऊन म्हणाली, “फोडणीला काय टाकू, मोहरी का वायसर?” मग तिनेच दुसरा डबा काढून दिला आणि हा मला ठेवून घ्या म्हणाली.

हवेच्या फिल्टरमध्ये उंदराचं घरटं होतं, त्यात दोन जुन्या एसटीच्या तिकिटांचे तुकडे. टाकीत गंज खूप होता. काय घालून धुवावी ते तू लिहिलं नव्हतंस. अंजना म्हणाली, “तांब्या-पितळेला चिंच चालती, तर हिला काय झालं?” आठ दिवसांपूर्वी चिंचेचं पाणी आणि मूठभर खडी घातली, तोंडाला बोळा कोंबला आणि रोज सकाळ-संध्याकाळ हलवलं. लाल पाणी निघालं, मग काळं, मग स्वच्छ. टाकी आतून-बाहेरून धुतली आहे, फक्त वरचं झाकण तेवढं होतं तसं ठेवलं आहे.

सीट शाबूत आहे. कोंबड्या बसल्या नाहीत. गाडी पोत्यांखाली होती.

धर्माजी


(पोस्टकार्ड)
घोडेगाव
२९ जानेवारी २००२

दाजी,

चिंचेचं ऐकून गॅरेजातले हसले. मग मी एका टाकीला करून बघितलं. चालतं. ताईला सांगा.

आता इंजिनाच्या बाजूचं गोल झाकण काढा. आत दोन बारीक टिकल्या एकमेकींवर आपटतात, त्यांना पॉईंट म्हणतात. ठिणगी त्यांच्यामुळे पडते. पॉलिश पेपरने घासा. चाक फिरवत त्या जास्तीत जास्त उघडतात तिथे थांबा. तेव्हा त्यांच्यात फट या कार्डाच्या जाडीइतकी हवी. म्हणून आज कार्ड पाठवतो. दुमडू नका.

पेट्रोल भरताना त्यात लिटरला चाळीस मिली ऑईल मिसळा, विसरू नका. मग किक.

सावळाराम


मढ
१८ फेब्रुवारी २००२

चि. सावळाराम यास आशीर्वाद.

काल सकाळी गाडी चालू झाली.

फट मोजायला कार्डाची पट्टी कापून घ्यावी असं आधी मनात आलं. पण लिहिलेलं कापायला नको वाटलं, म्हणून अख्खं कार्डच कोपऱ्याने आत धरलं. कोपऱ्यावर तेलाचा डाग पडला आहे. बाकी अक्षर नीट आहे.

सतरा किका मोजल्या. अठराव्या खेपेला ती खोकली. विसाव्याला धरली आणि पडवीत असा धूर झाला की समोरची भिंत दिसेना. गेणभाऊ रस्त्याने ओरडत आला, “धर्माजीभाऊ, भाताचा राब आत्तापास्नंच भाजाया घेतला का काय?” मग गाडी बघून जवळ आला. म्हणाला, “आवाज तोच हाय राव. सावळ्या यायचा तव्हाचा.”

अंजना पिठाच्या हाताने बाहेर आली. सीटवर एकदा हात ठेवला, त्याचं पीठ तिथे लागलं ते पदराने पुसलं आणि आत गेली. दुपारी पुरणपोळी केली. सण कुठला ते मी विचारलं नाही.

आता चालवायला शिकतो आहे. क्लच सोडला की गाडी उडी मारते आणि बंद पडते. एकदा बंद पडली नाही, तेव्हा मी गेणभाऊच्या हरभऱ्यात गेलो. लागलं नाही. त्याचं काय ते लिही.

धर्माजी


घोडेगाव
२७ फेब्रुवारी २००२

ती. दाजींस नमस्कार.

शिवरात्र जवळ आली. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या एकामागे एक दुरुस्तीला येताहेत, म्हणून थोडक्यात लिहितो.

तापट बैलाचा कासरा तुम्ही एकदम सोडता का? बोटाबोटाने ढील देता. क्लच तसाच. सोडता सोडता एका जागी गाडी पुढे ओढ घेते, ती जागा हाताला कळू द्या. तिथे क्षणभर थांबायचं, मग बाकीचा सोडायचा. नजर पुढच्या चाकावर नको, लांब रस्त्यावर ठेवा. जिकडे बघाल तिकडे जाल. तुम्ही हरभऱ्याकडे बघत असणार.

पुढचा ब्रेक एकटा दाबू नका.

सरू विचारते, ताईंच्या पुरणपोळ्या किती मोठ्या असतात. मी हात पसरून दाखवलं तर खोटं वाटतं तिला. सरू म्हणजे माझी बायको. तुम्हाला कळवायचं राहिलं होतं. सात वर्षं झाली.

सावळाराम


मढ
२४ मार्च २००२

चि. सावळाराम आणि चि. सौ. सरूबाई यांस आशीर्वाद.

लग्नाचं उशिरा का होईना कळवलंस. अंजनाने त्याच दिवशी पेटीतून एक हिरवी साडी काढून बाजूला ठेवली. नवीन भावजयीची म्हणून, असं आरतीला म्हणाली.

गाडी मला आता चालवता येते. चारही बाजूला हरभरा नसला म्हणजे चांगली येते. पण एक अडचण आहे आणि ती मला सुटत नाही.

घरून निघालो की गाडी छान पळते. पिंपळगावच्या वाटेवर ओढ्याचा पूल आहे, तिथे पोचलो की दम लागल्यासारखी होते आणि बंद पडते. किका मारून उपयोग होत नाही. मी पुलावर बसून राहतो. पंधरा-वीस मिनिटांनी किक मारली की पहिल्या खेपेला चालू. पुन्हा तेवढंच अंतर जाते, पुन्हा बंद. रोज हेच होतं. गेणभाऊ म्हणतो, “ही गाडी न्हाई, बैल हाय. पाणी दिसलं का थांबतो.”

पुलापर्यंत दोन किलोमीटर आहे. तुझं दार गणेशखिंड उतरून, जुन्नर ओलांडून पन्नासेक किलोमीटरवर आहे. कळव.

धर्माजी


घोडेगाव
१ एप्रिल २००२

ती. दाजींस नमस्कार.

थंड असताना चालते, मग थांबते आणि पुन्हा थंड झाली की चालते, याची कारणं चार-पाच असतात. एकेक करून बघा. दोन कामं एकदम करू नका, नाहीतर कशाने सुधारली ते कळणार नाही.

टाकीखालच्या कॉकची जाळी काढून बघा. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे आतला बारीक भोकाचा पितळी तुकडा, काढून तोंडाने फुंका, तार घालू नका. नवा प्लग खिशात ठेवा आणि बंद पडली की तिथेच बदलून बघा. तरी नाही झालं तर कॉईल. गरम झाली की ठिणगी सोडते ती. जुन्नरहून नवी आणा.

सायलेन्सरमध्ये काजळी धरलेली असेल तीही जाळून काढा. उघड्यावर जाळा. ताईच्या चुलीत नको.

सावळाराम


मढ
१४ एप्रिल २००२

चि. सावळाराम यास आशीर्वाद.

तू सांगितलेलं सगळं केलं. एका दिवशी एक, असंच केलं. जाळी स्वच्छ होती. जेट फुंकला. पुलावर प्लग बदलला. कॉईल नवी बसवली. सायलेन्सर खळ्यात जाळला. गाडी पुलापर्यंत जाते.

छत्तीस दिवस राहिले. आण्याचे व्याही काल येऊन गेले. मामा कोण उभा राहणार, असं त्यांनी विचारलं. त्यांचा दोष नाही, विचारायचीच गोष्ट आहे. गेणभाऊ तिथेच होता, तो म्हणाला, “मी ऱ्हातो उभा, मला काय नवीन न्हाई.” आतून अंजना म्हणाली, “माझा भाऊ जिता हाय. त्याची जागा मोकळी ऱ्हाऊ द्या. पोर एकटी चालत यील.” चहा झाला आणि ते गेले.

तुला अट सोड असं मी म्हणणार नाही. अट तुझी आहे आणि तिला कारण माझं आहे. पण मला एवढंच कळत नाही की मी सगळं तू सांगितल्यासारखं करतो, गाडी चालूही होते, मग मध्येच तिचा श्वास का कोंडतो. पुलावर बसून रोज तेच बघतो. मनात देवाचं नाव घेत बसतो, त्यामुळे वेळ वाया जात नाही, पण गाडीत फरक पडत नाही.

धर्माजी


घोडेगाव
२० एप्रिल २००२

ती. दाजींस नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. श्वास कोंडतो असं तुम्ही लिहिलंत, त्यावर थांबलो. चूक माझी आहे. मी ठिणगी आणि पेट्रोल बघत बसलो, हवा बघितली नाही.

आता एक करा. पुलावर बंद पडली की बाकी कशाला हात लावू नका. टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. सुस्स असा आवाज आला आणि लगेच किक मारून गाडी चालू झाली, तर दुखणं सापडलं. झाकणाला वरून एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्यातून हवा आत येते. ते बुजलं असेल तर थोडं जाऊन पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. तोंड दाबून मडकं उलटं केलं तर पाणी पडत नाही, तसं.

ओल्या मातीचं घर करणारी माशी असते, ती अशी भोकं हमखास बुजवते. अकरा वर्षांत तेच झालं असणार. गोधडीची नको, शिवणाची बारीक सुई घ्या आणि मोकळं करा. आत काय निघालं ते मला कळवा. मला माशीचं ते बघायचं आहे.

सावळाराम


मढ
२७ एप्रिल २००२

चि. सावळाराम यास आशीर्वाद.

तू म्हणालास तसंच झालं. पुलावर झाकण उघडलं, मोठा सुस्कारा आला आणि पहिल्या किकेला गाडी चालू झाली. घरी येऊन सुईने भोक मोकळं केलं. घाण निघाली. आता बंद पडत नाही. काल ओतूरपर्यंत जाऊन आलो. वाटेत पुलावर सवयीने थांबलो तेवढाच.

१२ मे रोजी रविवारी पहाटे निघतो. दुपारपर्यंत तुझ्या दारात येईन असं वाटतं. सरूबाईला सांग, जेवायला मी काही विशेष लागत नाही, भाकरी चालेल.

तुझं शिकवणं चांगलं आहे. मी शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पण चुकल्यावर कुणी कारण सांगून शिकवलं नव्हतं.

धर्माजी


मढ
२८ एप्रिल २००२

सावळा,

मी अंजना. मला चार वळी लिवता येत्यात पण ह्याला पुरायची न्हाईत, म्हणून आरती लिवती आहे. मी बोलते तसंच लिव म्हणून तिला सांगितलंय. तुज्या दाजींना ठाव न्हाई. ते रानात गेल्यात.

त्यांनी तुला लिवलं घाण निघाली. ती घाण न्हाई.

तू गेलास त्याच्या फुडल्या दसऱ्याची गोष्ट. पाटं मी उठले तर हे पडवीत. गाडीवरची पोती काढलेली, फडक्यानं पुसत व्हते. मग कुंकू तेलात कालवून टाकीच्या झाकणावर बोट लावलं. वर हळद, झेंडूचं फूल. मी म्हटलं, “आता का?” तर म्हणाले, “दारात हाय तवर औजार आपलंच.” मी म्हटलं, “मंग झाकणाला का?” तर म्हणाले, “कपाळ कुठलं ते कळंना. वरचं गोल दिसलं, तिथं लावलं.” मग सगळ्यांच्या आधी तिला आणि मागून नांगराला.

अकरा दसरे झाले. एकबी चुकला न्हाई. एका साली ताप व्हता, तरी उठले. पुसायचं म्हणून कधी पुसलं न्हाई, दर साली त्याच्यावरच नवं. टाकी चिंचेनं घासली तव्हा मी म्हटलं झाकणबी द्या, तर न्हाई म्हणाले.

परवा सुई घेऊन बसले व्हते. पापुद्रं निघत व्हतं, लाल, पिवळं, लाल, पिवळं. आरती म्हणाली, “आबा, मामाला लिवा की काय निघालं ते.” तर तिच्यावर खेकसले, “त्यात काय लिवायचं? मीच बुजवलं आन् मीच काढलं.” कागदावर धरून सगळं तुळशीत नेऊन टाकलं. त्यातलं चिमूटभर मी घेतलं व्हतं. ते पुडीत घालून पाठवते. तुला बघायचं व्हतं ना, माशीचं.

आता तू यायचं का न्हाई ते तुजं तू बघ. पण ह्या माणसाला त्या घाटातनं गाडीवर येऊ दिऊ नको. ओतूरला गेले तव्हा ते माघारी येस्तोवर मी उंबऱ्यात बसून व्हते. ब्रेक दाबला का गाडी वाईच इचार करून थांबती.

सरूला हिरवी साडी हाय. अंगावर बरी दिसंल का, तिचा रंग मला ठाव न्हाई.

तुजी ताई


घोडेगाव
३ मे २००२

ती. दाजींस साष्टांग नमस्कार.

१२ तारखेला निघू नका. तुमच्याकडे लायसन नाही, जुन्नरला पोलीस उभा असतो. शिवाय मागच्या ब्रेकचे लायनर जुने आहेत, मी ते बदलायला सांगायचं विसरलो आणि गणेशखिंडीचा उतार तुम्हाला माहीत आहे. मीच १० तारखेला संध्याकाळच्या एसटीने येतो. सरूही येते आहे. लायनर आणि चेन बरोबर आणतो. गॅरेज वीस दिवस बंद राहील, तशी पाटी लावली आहे. लग्नघरी मांडवाचं, पाण्याचं, पाहुण्यांचं काम असतं, मामा आठ दिवस आधी नको का?

अटीचं म्हणाल तर गाडी माझ्या दारात यायची होती. ताईच्या पाकिटातून आली तेवढी पुरे. माझे हात ग्रीसचे होते, म्हणून पुडी सरूला उघडायला लावली. ती म्हणाली, “कुठल्या देवाचा अंगारा आलाय?” मी म्हटलं, मढचा. तिने तो देव्हाऱ्यात ठेवला. मीही तिथेच राहू दिला.

तुम्ही ताईला रागावू नका. आरतीलाही नको.

मी येईपर्यंत गाडी पडवीतच असू दे, पण पोती घालू नका. झाकणावर वरवरचं जे उरलं असेल ते पुसू नका, तसंच असू दे. भोक तेवढं मोकळं ठेवा. आणि येत्या दसऱ्याला मी तिकडेच असेन, तेव्हा दाखवीन, पण आत्ताच लिहून ठेवतो, कारण कागदावर असलं म्हणजे तुम्हाला पुन्हा वाचता येतं: कुंकू पुढच्या दिव्याच्या वर लावायचं. कपाळ ते असतं.

तुमचा
सावळा